मायक्रोवेव्हशेजारचा चष्मा

चोआ चू कांग, सिंगापूर, ९ एप्रिल २०२६

चि. निशिकांत,

अत्यंत जड अंतःकरणानं कळवते, की आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीतला चष्मा गेला. कुणाच्या नाकावरचा गेला असता तर मी एवढा शोक केला नसता. हा सार्वजनिक होता. मायक्रोवेव्हशेजारच्या खिळ्याला सुतळीनं बांधलेला, जाड काळ्या काड्यांचा, एका काडीला पांढरी चिकटपट्टी. गेली तीन वर्षं तुआसच्या आमच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डातली चाळिशी ओलांडलेली तमाम प्रजा तो नाकावर चढवून नूडल्सच्या पाकिटामागचं बारीक अक्षर वाचत होती. सोमवारी बघते तर नुसता खिळा. खाली लॅमिनेट केलेली सूचना: 'वयाशी निगडित क्षमतांविषयी पूर्वग्रह सूचित करणाऱ्या वस्तू सामायिक जागेतून हटवण्यात आल्या आहेत.' ही सूचना इतक्या बारीक टायपात आहे, की ती वाचायला मला तोच चष्मा लागला असता. शेवटी ऑफिसातल्या ईशाकडून वाचून घेतली. काल साबुदाण्याची खिचडी कुठल्या बटणावर ठेवली देव जाणे. बाहेर आली ती जहाजाची गळती बुजवायला चालली असती.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मावसभावानं एवढं तरी वाचून घ्यावं.

नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध इथं कायदा झालाय हे तुला माहीत आहेच. चांगलं झालं. वय बघून माणसाला दारातून परत पाठवणाऱ्यांना चाप हवाच होता. पण तो लागू व्हायचाय पुढच्या वर्षी. आमच्याकडे पाहुणा अजून विमानात बसलेला नाही आणि यांनी घरातल्या माणसांना गॅलरीत झोपवलंय! फेब्रुवारीत कुणा सल्लागाराकडून चाळीस पानी मार्गदर्शिका लिहून आणली, आणि तेव्हापासून दर आठवड्याला काहीतरी गायब होतंय. 'सीनियर' हा शब्द गेला. सीनियर इंजिनिअरला आता 'इंजिनिअर, विस्तारित' म्हणायचं. वाढदिवसाचा केक गेला, कारण मेणबत्त्या मोजता येतात. पंचवीस वर्षं नोकरी केलेल्यांचे फोटो भिंतीवरून उतरवले. तिथं आता चौकोनी डाग राहिलेत, ते फोटोंपेक्षा म्हातारे दिसतात. आणि 'अंकल', 'आंटी' बंद. सिंगापुरात! जिथं कॉफी मागायची तरी तोंडातून आधी अंकल निघतं आणि मग कॉफी.

यात खरी पंचाईत मनोहरकाकांची झालीय. माझ्याकडे गणपतीत भेटलायस तू त्यांना. जन्म जहाजांवर चीफ इंजिनिअर म्हणून काढला, आता आमच्याकडे इंजिन दुरुस्ती बघतात. इंजिनरूममध्ये ओरडून ओरडून आवाज कायमचा चढलेला. 'मीठ द्या' म्हणाले तरी आग लागल्यासारखं वाटतं. तमिळ वेल्डरपासून चिनी मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना अंकल म्हणतात. ईशा आपली पुण्याची, गेल्या वर्षी इथल्या युनिव्हर्सिटीतून आमच्याकडे लागलेली, ती काका म्हणते. परवा मीटिंगमध्ये म्हणाली, "काकांना विचारू या." तिला मेमो मिळाला. विषय: 'नातेवाचक वयोदर्शक संबोधन (मराठी)'. भाषेचा असा सन्मान आजवर झाला नव्हता.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण काका यंदा त्रेसष्टचे होणार. त्रेसष्टला निवृत्ती, पण माणूस धडधाकट असेल आणि काम नीट करत असेल तर पुढे नोकरी देऊ करणं कंपनीला बंधनकारक आहे. आजवर एचआरवाले चांगले सहा महिने आधी बोलावून विचारायचे, 'अंकल, राहणार ना?' यंदा कुणी चकार शब्द काढलेला नाही. काढणार कसा? सगळ्यांच्या फायलींतल्या जन्मतारखा झाकून टाकल्यात. काकांना राहायचंय. मधुमतीकाकू तर म्हणतात, "हे घरी बसले तर माझा मिक्सर उघडून बसतील, आणि मग फ्रीज." तशी घाई नाही म्हणा. काकांचा जन्म कोजागिरीचा. दर वर्षी आटीव दूध प्यायला आम्ही त्यांच्याकडेच असतो. म्हणजे ऑक्टोबर.

तू असल्या ऑफिसांना सल्ले देत फिरतोस. ही चाळीस पानं लिहिणारा गाढव कोण, तेवढं शोधून काढ.

चित्राताई

---

बेडोक, १४ एप्रिल २०२६

ती. चित्राताईस कोपरापासून नमस्कार.

खिचडीबद्दल सहवेदना. पण तू नेहमीप्रमाणे सगळ्यांना एका रांगेत उभं करून झोडपलंस.

तुला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीत मुलाखतीला गेलो होतो. लिफ्ट बंद, म्हणून मुलाखत घेणारा पोरगा आणि मी बरोबरच जिना चढलो. वर पोचल्यावर त्यानं मला विचारलं, "आमच्या टीमच्या एनर्जीशी जुळवून घ्याल ना?" ताई, धाप त्याला लागली होती. आठवड्यानं ईमेल आली की त्यांना 'ताजा' दृष्टिकोन हवाय. ताजा म्हणजे काय, मी पापलेट आहे? घरी भार्गवीला मी सांगितलं की मीच नोकरी नाकारली. तेव्हा असे नियम कुणीतरी नीट बसून लिहायला हवे होते, हे माझं प्रामाणिक मत आहे.

आणि तुमच्याकडे अर्थाचा अनर्थ झालाय. संबोधनांवर बंदी घाला असं कुणी म्हटलेलंच नाही. 'संबंधित व्यक्तीची पसंती विचारून पर्यायी संबोधनाचा विचार करावा' एवढं साधं वाक्य आहे. केक तर नुसता उदाहरणादाखल होता. चष्म्याचा मूळ मसुद्यात उल्लेखसुद्धा नाही. तो तुमच्या लोकांचा स्वतःचा उत्साह.

मनोहरकाकांनी सरळ जाऊन विचारावं. त्यात एवढं काय?

भार्गवीला तुझं मेतकूट पोचलं. तिनं लपवून ठेवलंय, माझ्यापासून.

निशी

---

चोआ चू कांग, २० एप्रिल २०२६

निशिकांत,

'चि.' काढून टाकलंय, लक्षात आलं असेल.

मूळ मसुदा? मी तुला केक सांगितला, चष्मा सांगितला. 'पर्यायी संबोधनाचा विचार करावा' हे वाक्य मी कधी सांगितलं? ते बाराव्या पानावर आहे. मी काल मुद्दाम जाऊन शोधलं, ईशाला शेजारी बसवून. गाढव शोधायला सांगितलं तर तू त्याचं हस्ताक्षरच पाठवलंस! या विषयावर तू सविस्तर लिहिशीलच. तोवर तुझ्या बाराव्या पानानं काय केलंय ते ऐक.

मी एचआरच्या फेलिशियाकडे गेले. पोरगी वाईट नाही, घाबरलेली आहे. मी म्हटलं, "मनोहरच्या पुढच्या नोकरीचं काय?" तिनं उठून दार लावलं.

"चित्रा, आम्ही तो विषय काढू शकत नाही."

"का?"

"काढला तर आमच्या लक्षात आलं असा अर्थ होतो ना."

"काय लक्षात आलं?"

तिनं आवाज खाली आणला. "एज."

"मग त्यानं स्वतः काढला तर?"

"कॅन, कॅन. त्यानं काढला तर चालेल."

"मग त्याला तसं सांग."

"कॅनॉट, कॅनॉट! सांगितलं तर आम्हीच काढला असं होईल."

खोलीत आम्ही दोघीच, आणि तरी ती भिंतीकडे बघून बोलत होती. शेवटी म्हणाली, "तुझं वय कितीही असलं तरी तू छान दिसतेस," आणि स्वतःच्याच वाक्यानं दचकली.

मग काकांकडे गेले. डॉकच्या कडेला उभे होते, एकटे. पूर्वी त्यांच्याभोवती सतत पाच-सहा पोरं असायची. आता पोरं लांबूनच मान हलवतात. तोंडातून चुकून अंकल निघालं तर मेमो. नुसतं 'मनोहर' म्हणायला जीभ वळत नाही. त्यापेक्षा न बोललेलं बरं. मी म्हटलं, "काका, तुम्हीच जाऊन विचारा ना."

"मी कशाला विचारू?" नेहमीचा आवाज नव्हता. "ठेवायचं असेल तर बोलावतील."

"बरं, घाईही नाहीये. ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हेल्मेट डोक्यावर चढवून गेले.

वाट बघतेय. कबुलीजबाबाची.

चित्रा

---

बेडोक, २६ एप्रिल २०२६

ती. ताई,

मीच तो.

तुमच्या कंपनीला मी चार पानं दिली होती. चार! अजूनही वाटतं, ती चांगली होती. 'माणूस निवडताना काम बघा, वय बघू नका. काही अडलं तर त्याच्याशी बोला.' त्यांनी परत पाठवली. म्हणाले, चार पानांत आम्ही गंभीर आहोत असं दिसत नाही. मग मी उदाहरणं घातली, त्यांना पोटकलमं केली, पोटकलमांना तक्ते. तिसाव्या पानापर्यंत माझ्याजवळचे पूर्वग्रह संपले. पुढचे शोधावे लागले. मेणबत्त्या मला एका दुपारी सुचल्या आणि खोटं कशाला सांगू, तेव्हा स्वतःवर खूश झालो होतो. 'काही अडलं तर बोला' हे वाक्य कुठल्यातरी आवृत्तीत गळलं.

'एचआरनं वयाचा उल्लेख टाळावा' हेही माझंच. मला म्हणायचं होतं, नोकरी देताना. ते मी लिहायला हवं होतं.

आता तुमच्याकडे येऊन बोलायचं तर माझं काम संपलंय, कुणी बोलावल्याशिवाय जाता येत नाही. आणि दुसऱ्या दोन कंपन्यांनी हीच मार्गदर्शिका मागितलीय. तिथं शब्द काढत फिरलो तर माझ्याकडे कोण येईल? ऑक्टोबर लांब आहे. तोवर मार्ग काढू. कोजागिरीला मी स्वतः काकांकडे येतो.

रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण थोडं.

निशी

---

चोआ चू कांग, ३ जून २०२६

निशिकांत,

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण तुझ्यासारखंच मलाही वाटत होतं की ऑक्टोबर लांब आहे. आपण दोघंही मूर्ख आहोत. तू चाळीस पानांचा, मी एका ओळीची.

सोमवारी वेसाकची, इथल्या बुद्धपौर्णिमेची, सुट्टी होती. काल सकाळी यार्डाच्या गेटवर माझ्यापुढे चार माणसं सोडून काका उभे होते. हातात डबा. त्यांनी कार्ड लावलं, लाल दिवा लागला. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. गेटवरचा सिक्युरिटीवाला बाहेर आला, स्क्रीन बघितला आणि म्हणाला, "अंकल, कार्ड कॅनॉट." आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. त्याची चूक काय झाली तर तो अंकल म्हणाला! समोर एका माणसाची नोकरी जात होती, आणि याला भीती मेमोची.

काकांनी मागच्या रांगेला वाट करून दिली आणि बसस्टॉपकडे चालायला लागले.

कागदावर त्यांची जन्मतारीख एक जून आहे. आलं लक्षात? खेड्यातली शाळा, जूनमध्ये वर्ष सुरू, पोराचं वय भरत नाही. गुरुजींनी लिहिलं एक जून. माझ्या बाबांची एक जून. तुझ्या बाबांची एक जून. मावशी तुझ्या बाबांना नेहमी म्हणायची ना, तुमच्या घरात सगळे एकाच दिवशी कसे जन्मले? आणि तरी मी वर्षानुवर्षं काकांकडे कोजागिरीचं दूध पिऊन तीच तारीख धरून बसले. पासपोर्टवर काय असेल हा विचार मला शिवला नाही. यार्डात हे ओळखू शकणारी एकटी मीच होते, आणि मीच त्यांना सांगत होते, घाई नाही.

आता तुझ्या लाडक्या मार्गदर्शिकेची गंमत. तारखा माणसांपासून झाकल्या होत्या. पगाराच्या यंत्राला कुणी झाकण घातलं नव्हतं. त्यानं त्रेसष्ट मोजली, कुणी पुढचा करार भरलेला नाही हे बघितलं आणि कार्ड बंद केलं. सगळ्या कंपनीत वय बघायची मुभा एकट्या त्यालाच होती. फेलिशिया पांढरीफटक पडली. "वी डिडन्ट नो," म्हणत होती, आणि खरंच बोलत होती. न कळण्यासाठी केवढी मेहनत घेतली होती त्यांनी! जो कायदा आजही लागू आहे, तो यांनी मोडला. कशासाठी, तर जो अजून यायचाय तो पाळण्यासाठी.

संध्याकाळी काकांकडे गेले. सोफ्यावर बसले होते, पायात यार्डातले बूट तसेच. काकू म्हणाल्या, सकाळपासून काढलेले नाहीत.

"तुम्हाला तारीख माहीत होती?" मी विचारलं.

"माझीच तारीख, मला माहीत नसेल?"

"मग मला का नाही बोललात?"

"काय बोलायचं? दोन महिने माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. पोरं रस्ता बदलायची. अंकल म्हणणं बंद झालं. मला वाटलं, ठरलंय यांचं. तोंडावर सांगायची लाज वाटतेय."

"आणि तरी डबा घेऊन आलात."

"येऊ नका असं तरी कुठं कुणी सांगितलं होतं?"

काकू चहा ठेवायला उठल्या, मी मागोमाग गेले. ओट्याशी हळूच म्हणाल्या, "ह्यांचा जुना चष्मा होता ना तुमच्या पॅन्ट्रीत टांगलेला, तो काढून टाकला. त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, आधी चष्मा गेला, आता माझी पाळी."

निशी, तो चष्मा त्यांचा होता. तीन वर्षं मी तो नाकावर चढवला आणि कुणाचा म्हणून एकदाही विचारलं नाही. परवापर्यंत त्यावरून विनोद करत होते.

शुक्रवारी दहा वाजता यार्डाच्या मॅनेजरनं बैठक बोलावलीय. काकांना यायला सांगितलंय. फेलिशियाला मी म्हटलं, सल्लागाराला बोलाव. तिनं बोलावलंय, ईमेल बघ. तुझ्या त्या दुसऱ्या दोन कंपन्यांचं काय व्हायचं ते होवो. आला नाहीस, तर भार्गवीला मी त्या जिन्याची आणि पापलेटाची गोष्ट स्वतः सांगेन.

चित्रा

---

बेडोक, ६ जून २०२६

ती. ताई,

भार्गवीला मीच सांगितलं. ती म्हणाली, तिला तेव्हाच कळलं होतं.

बैठकीत तुला घेतलं नाही, म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. मॅनेजर, फेलिशिया, मी आणि समोर काका. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, पायात तेच बूट. पाच मिनिटं कुणी सुरुवातच करेना. मॅनेजर पाण्याच्या जगकडे बघत होता. मग म्हणाला, "मनोहर, काही... घटकांमुळे... एक परिस्थिती उद्भवली आहे." फेलिशियानं माझी मार्गदर्शिका उघडून धरली होती. ताई, तिनं त्यात रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्यात. इतकं मन लावून माझं लिखाण आजवर कुणी वाचलेलं नाही.

मला ते सहन होईना. मी सरळ मराठीत विचारलं, "काका, वय काय तुमचं?"

काकांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं. आणि मग तो इंजिनरूमचा आवाज लागला. "सिक्स्टी थ्री! ऑन पेपर! ऑक्टोबरपर्यंत सिक्स्टी टू!" बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणाच्या तरी हातून कप पडला.

"आणि काम करायचंय?"

"मग डबा कशाला आणला होता?"

फेलिशियाला रडू फुटलं. म्हणाली, "अंकल, सॉरी. अंकल, व्हाय यू नेव्हर से?"

"यू नेव्हर आस्क," काका म्हणाले. या वेळी ओरडले नाहीत.

वर्षभराचा करार झाला, त्याच पदावर. मी मॅनेजरला सांगितलं की चाळीस पानं फेकून द्या, माझी चार पानं वापरा. त्यानं गंभीरपणे लिहून घेतलं. दुसऱ्या दोन कंपन्यांनाही मी चारच पानं पाठवलीत. एकीचं उत्तर आलं: संक्षिप्त वाटतं.

जाताना काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तू काय काम करतोस रे?" मी म्हटलं, सध्या पानं कमी करतो.

निशी

---

चोआ चू कांग, १९ जून २०२६

चि. निशिकांत,

'चि.' परत आलंय. फार हुरळून जाऊ नकोस.

तुझी चार पानं मॅनेजरनं फारच मनावर घेतली. 'काही अडलं तर बोला' या वाक्याचं आमच्याकडे 'वयसंवाद अभियान' झालंय. आता प्रत्येकाशी त्याच्या वयाबद्दल बोलणं सक्तीचं आहे, भेदभाव नको म्हणून अगदी प्रत्येकाशी. सव्वीस वर्षांच्या ईशाला निवृत्तीनंतरच्या नियोजनावर चर्चेला बोलावलंय. तिनं मला विचारलं, "ताई, मी नक्की काय सांगू?" मी म्हटलं, कोकणात आंबे लावायचेत म्हण. सिक्युरिटीवाल्याला वय विचारलं, तर त्यानं ते खोटं सांगितलं. का, तर त्याला वाटलं नोकरी चालली. फेलिशियाच्या टेबलावर लिंबाएवढं घड्याळ ठेवलंय, बोलणं पंधरा मिनिटांपेक्षा कमी होऊ नये म्हणून. भिंतीवर फोटो परत लागले, पण चुकीच्या क्रमानं. यांना माणसाशी बोलायला सांगितलं तरी ते वेळापत्रकच काढणार. त्याला तुझाही इलाज नाही.

काका परत आलेत. करारात त्यांचं पद 'इंजिनिअर, विस्तारित' असंच छापलंय. परवा डॉकवर कुठल्याशा पंपाभोवती पोरांचं कोंडाळं होतं आणि मधून तो आवाज येत होता. ईशा 'काका, काका' करत पलीकडून हाका मारत होती. मेमो अजून आलेला नाही.

मंगळवारी इथल्या मॉलमधून मी एक चष्मा घेतला. नंबर काकूंना फोन करून विचारला होता. जाड काळ्या काड्यांचाच मिळाला. नवाकोरा होता, तरी एका काडीला पांढरी चिकटपट्टी गुंडाळली. काल सगळ्यांच्या आधी पोचले आणि सुतळीनं खिळ्याला बांधला. चिठ्ठीबिठ्ठी काही लावली नाही.

दुपारी काका डबा घेऊन पॅन्ट्रीत आले. खिळ्याकडे बघितलं. चष्मा चढवला, मायक्रोवेव्हची बटणं एकेक करून वाचली, खालची बारीक टायपातली तुझी ती सूचना अजून तिथंच आहे, तीही वाचली.

"नंबर बरोबर आहे," म्हणाले.

मी माझी खिचडी घेतली आणि जागेवर येऊन बसले.

चित्राताई